शंका विचारली, घेतली नव्हती

सदर : विचारा बाईंना

बाई, नमस्कार.

मी सव्वीस वर्षांची आहे, भांडुपला राहते. दहावीपर्यंत मराठी शाळा, पुढे कॉमर्स. दोन वर्षांपासून विक्रोळीला एका ऑफिसात अकाउंट्सचं काम करते. लंडनच्या एका कंपनीची बिलं आम्ही तपासतो. तिथल्या एक मॅडम दर महिन्याला शीट पाठवतात, आम्ही ती जुळवून बघतो. मागच्या महिन्यात मला त्यातल्या दोन गोष्टी कळल्या नाहीत म्हणून मी त्यांना मेल केला. जसाच्या तसा देते. ‘आय हॅव टू डाऊट्स इन युवर शीट. विच डेट्स एक्स्चेंज रेट इज टेकन? ऑल्सो आय डाऊट इनव्हॉइस नंबर ४२ इज पेड ट्वाइस. प्लीज क्लॅरिफाय.’

मला उत्तर आलंच नाही. आलं ते आमच्या टीम लीडला. माझ्या आकड्यांवर तुमच्या लोकांचा विश्वास नसेल तर त्यांनी माझ्या मॅनेजरशी बोलावं, अशा अर्थाचं. टीम लीड सगळ्यांसमोर म्हणाला, ‘जरा इंग्लिश बघ तुझं.’ शेजारच्या मुलीने हळूच सांगितलं, डाऊट नाही लिहायचं, क्वेश्चन लिहायचं.

बाई, मी अविश्वास कुठे दाखवला? शाळेत, क्लासला, ऑफिसात सगळीकडे आपण डाऊटच म्हणतो. या दोन शब्दांत एवढा काय फरक आहे? की मी मराठी माध्यमातली म्हणून मला तो कळत नाही?

— एक शंकेखोर, भांडुप

* * *

आधी सहीचं बोलू. स्वतःला शंकेखोर म्हणू नकोस. शंकेखोर म्हणजे शंका घेणारा, समोरचा नुसता हसला तरी ‘का हसला असेल’ म्हणून रात्र जागवणारा. तू शंका घेतली नाहीस, विचारलीस. निदान पहिली तरी. दुसरीबद्दल मला थोडं वेगळं म्हणायचंय, त्याकडे नंतर येते. तुझ्या सगळ्या भानगडीचं मूळ मात्र या ‘घेतली’ आणि ‘विचारली’तच आहे.

मराठीत ‘शंका’ हा शब्द एकटा कधी घराबाहेर पडत नाही. त्याचं बोट धरून एखादं क्रियापद असतंच, आणि भलंबुरं काय ते तेच ठरवतं. शंका विचारली, म्हणजे मला कळलं नाही, समजावून सांगा. शंका घेतली, म्हणजे तुमची दानत मला ठीक वाटत नाही. शंका आली, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. शंका काढली, म्हणजे चाललेल्या कामात खुसपट. शंका फिटली, म्हणजे सगळेच सुटलो. घरातलंच बघ. महिनाअखेर सासूबाईंनी सुनेला विचारलं, ‘अगं, दुधाचे या महिन्यात जास्त कसे झाले?’ सून नवऱ्याला ‘आईंनी विचारलं’ एवढंच म्हणाली तर विषय तिथेच मिटतो. ‘आईंनी माझ्यावर शंका घेतली’ म्हणाली, की पुढचे दोन दिवस ओट्यावर भांडी आपटतात. दूध तेवढंच, हिशोब तोच, सासूबाईही त्याच.

इंग्रजीत हे काम क्रियापदाकडे सोपवलेलं नाही. ‘हॅव’ हे बिचारं बिनरंगाचं. घर आहे, सर्दी आहे, डाऊट आहे, सगळ्याला हॅव. ते ‘आहे’ एवढंच सांगतं. रंग येतो तो पुढच्या नामातून, आणि ‘डाऊट’ या नामाचा लंडनमधला रंग ‘घेतली’चा आहे. तू शंका उचलून इंग्रजीत नेलीस आणि ‘विचारली’ इकडे भांडुपलाच राहिलं. पार्सल पोचलं, वरची चिठ्ठी वाटेत गळून पडली.

आता म्हणशील, मग हा डाऊट आपल्या तोंडी एवढा बसला कसा? याला कारण आहे, आणि मला ते शरमेचं वाटत नाही.

आपल्याकडे प्रश्न विचारायचा मान मोठ्यांचा. परीक्षेत प्रश्न बाई विचारतात, चौकीत हवालदार विचारतो, मुलगी बघायला आलेले लोक विचारतात. लहानाने मोठ्याला प्रश्न केला की ‘मलाच उलट प्रश्न विचारतोस?’ हे ठरलेलं. शंका मात्र लहानाला विचारता येते, कारण शंकेत कमीपणा विचारणाऱ्याने आपल्याकडे घेतलेला असतो. तुम्ही सांगितलंत ते बरोबरच असणार, माझ्याच डोक्यात शिरलं नाही, असा त्यातला भाव. म्हणून प्रवचनानंतर शंकासमाधान होतं. प्रश्न विचारायचे ते विधानभवनात, नरिमन पॉइंटला. अधिवेशनात तिथे प्रश्नोत्तराचा तास असतो आणि त्यात मंत्र्यांना खिंडीत गाठायचंच असतं. त्याला ‘शंकासमाधानाचा तास’ म्हणून बघ, आमदारच हसतील.

इंग्रजीत पारडं उलटं झुकतं. क्वेश्चन विचारण्यात कुणाचा पाणउतारा नाही. माहिती हवी आहे, द्या, एवढंच. डाऊट म्हटलं की कमीपणा समोरच्याच्या कामावर जाऊन बसतो. म्हणजे तू वाकून नमस्कार करायला गेलीस आणि तुझं डोकं त्यांच्या नाकावर आपटलं. हेतू नमस्काराचाच होता, पण नाक त्यांचं दुखलं हेही खरं.

मी १९८३ साली परळच्या एका शाळेत लागले. गिरण्यांचा संप १९८२च्या जानेवारीत सुरू झालेला. वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील घरी बसलेले, पण मुलं शिस्तीची. एकदा आठवीच्या वर्गात मी फळ्यावर हाच शब्द लिहिला, डाऊट. मागच्या बाकावरचा एक मुलगा हाताची घडी घालून उभा राहिला. ‘बाई, एक शंका होती.’ वर्गात खसखस पिकली, कारण त्या वयात शंका म्हटलं की करंगळीच आठवते. मी म्हटलं, ‘जाऊन ये.’ तो जागचा हलेना. ‘तशी नाही बाई. यातला बी बोलायचा नाही, तर लिहायचा कशाला?’

मला माहीत नव्हतं. ‘असतो तो, पाठ कर’ म्हणून मी त्याला खाली बसवलं. त्याचं समाधान करायचं राहूनच गेलं, ते तुझ्या निमित्ताने करते.

हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्यात बी नव्हता. फ्रेंच लोक आजही तो बीशिवायच लिहितात. पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या सुमारास इंग्रज पंडितांना लॅटिनचा ध्यास लागला. मूळ लॅटिन ‘दुबितारे’त ब आहे, मग आपल्यातही दिसलाच पाहिजे, म्हणून त्यांनी तो लिखाणात आणून बसवला. बोलणाऱ्यांनी त्याला विचारलंही नाही, तो तसाच मुका बसून आहे. कर्ज या अर्थाच्या ‘डेट’मधला बी हा त्याचा जुळा भाऊ. पण मला खरी गोडी आहे ती पुढच्या गोष्टीची. त्या ‘दुबितारे’च्या पोटात दोन हा आकडा लपलाय. लॅटिन ‘दुओ’ म्हणजे दोन. मन दोन ठिकाणी, ते डाऊट. आपण द्विधा म्हणतो, तेच. आपल्या न्यायशास्त्रातही संशयाचं ठरलेलं उदाहरण असंच आहे : तिन्हीसांजेला लांबवर काहीतरी उभं दिसतं, तो खांब की माणूस? जोवर दोन्ही शक्यता डोळ्यांपुढे आहेत तोवर तो संशय.

म्हणजे डाऊट यायला आधी समोर काहीतरी असावं लागतं, आणि ते खरं की खोटं, असे दोन फाटे फुटावे लागतात. प्रश्नाला असं काही लागत नाही. प्रश्न म्हणजे रिकामा रकाना. तुझ्या पेशातली हीच कसोटी तुला देते : रकाना रिकामा आहे म्हणून विचारतेयस, की भरलेल्या आकड्यावर बोट ठेवतेयस? रिकामा असेल तर क्वेश्चन. भरलेल्यावर बोट ठेवायचं असेल तर तो डाऊट, मग तू शब्द कोणताही वापर.

आता तुझा मेल या कसोटीवर घास. एक्स्चेंज रेट कोणत्या तारखेचा, हा रिकामा रकाना. इथे डाऊटचा काही संबंधच नव्हता आणि मॅडमना उगाच लागलं. पण बेचाळीस नंबरचं बिल? तिथे आकडा होता आणि तो तुला पटला नाही. पैसे दोनदा गेले असं तुला वाटलं. बाई माझे, ही शंका तू घेतलीसच! आणि घ्यायलाच हवी होतीस, तुला पगार त्याचाच मिळतो. फक्त नेमकी इथे, जिथे खरी शंका होती तिथे, तू जे वाक्य लिहिलंस त्याने मला पहिल्या वाक्यापेक्षा जास्त घाबरवलं. तुझं लक्ष पहिल्यावरच अडकलंय. टीम लीडचंही.

‘आय डाऊट इनव्हॉइस नंबर ४२ इज पेड ट्वाइस.’ तुझ्या मनात काय होतं? ते दोनदा दिलं गेलं असावं अशी मला शंका आहे. लंडनमध्ये याचा अर्थ काय होतो? ते दोनदा दिलं गेलं असेल असं मला वाटत नाही. थेट उलटा! एका वाक्यात म्हणतेस तुमच्या शीटवर माझा विश्वास नाही, आणि पुढे म्हणतेस बेचाळीस नंबर ठीकच दिसतो. मॅडमनी डोक्याला हात लावला असेल तर मी त्यांना दोष देणार नाही.

हे होतं का, तर मराठीत शंका दोन्हीकडे कलते. ‘बिल दोनदा गेलं असावं *अशी* शंका आहे’ म्हटलं की कल ‘हो’कडे. ‘बिल गेलं का *याबद्दल* शंका आहे’ म्हटलं की कल ‘नाही’कडे. एवढासा ‘अशी’ आणि ‘याबद्दल’, पण काटा तेच फिरवतात. आजच्या इंग्रजी डाऊटकडे ‘अशी’वाली सोय नाही, तो कायम ‘नाही’कडेच कलतो. पूर्वी होती. शेक्सपिअरच्या काळात डाऊट ‘असावं अशी भीती’ या अर्थानेही सर्रास चाले, आणि स्कॉटलंडमध्ये अजून कुणी आभाळाकडे बघून ‘आय डाऊट इट्स गोइंग टू रेन’ म्हणालं तर छत्री घ्यावी. लंडनमध्ये त्याच वाक्यावर छत्री घरी ठेवतात. ‘हो’कडच्या शंकेसाठी तिथे ‘सस्पेक्ट’ हा शब्द आहे. ‘आय सस्पेक्ट इट वॉज पेड ट्वाइस.’ ऐकायला पोलिसी वाटतो, पण या बांधणीत तो मवाळ आहे, ‘माझा आपला अंदाज’ एवढाच. माणसाला चिकटवला तर मात्र पोलिसी होतो.

तेव्हा डाऊट-क्वेश्चनची गल्लत झाली तर माणूस दुखावतो, डाऊट-सस्पेक्टची झाली तर पैसे जातात. मेल पाठवण्याआधी मी दुसरी तपासली असती.

मुंबईकराला हा फरक कळत नाही असं मात्र कुणी म्हणू नये. दादरच्या पुलावर टीसी उभा असतो. समोरून येणारा माणूस पास घरी विसरलेला. तो टीसीला बघून खिसे चाचपल्यासारखं करतो, मागे वळतो, आणि टीसी ‘ओ दादा’ म्हणतो. संध्याकाळी तो माणूस घरी काय सांगतो? ‘त्याने डाऊट खाल्ला.’ त्याच संध्याकाळी दादरलाच क्लासमध्ये बसलेला त्याचा मुलगा हात वर करून म्हणतो, ‘सर, एक डाऊट होता.’ एकाच घरात, एकाच दिवशी, एकच शब्द. बापाच्या तोंडी तो संशय आणि पोराच्या तोंडी प्रश्न, आणि दोघांचाही गोंधळ होत नाही, कारण एकाने तो *खाल्ला* आणि दुसऱ्याने *विचारला*. इंग्रजी शब्दालासुद्धा आपण मराठी क्रियापदाचं बोट धरायला लावलं. ‘टीसीने क्वेश्चन खाल्ला’ असं आजवर कुणी म्हटलेलं नाही.

वर्तमानपत्रंही चुकत नाहीत. आरोपी सुटला की बातमीत ‘संशयाचा फायदा’ असतो, शंकेचा नसतो. शिवाजी पार्कवर टेनिस बॉलने खेळणारी पोरंसुद्धा पायचीतच्या अपिलावर ‘बेनिफिट ऑफ डाऊट बॅट्समनला’ म्हणून ओरडतात, आणि त्यांना पक्कं ठाऊक असतं की अंपायर इथे प्रश्न विचारत नाहीये, त्याला खात्री नाहीये. म्हणजे लंडनचा डाऊट आपल्याला अगदी ओळखीचा आहे. आपण त्याला संशय म्हणतो. मेल लिहिताना मनातल्या मनात डाऊटच्या जागी संशय ठेवून वाच. ‘तुमच्या शीटबद्दल मला दोन संशय आहेत.’ आलं ना अंगावर? मॅडमच्याही तसंच आलं.

आणि हे काही साहेबाचंच खूळ नाही. गीतेच्या चौथ्या अध्यायात चौतिसाव्या श्लोकात गुरूकडे जाऊन परिप्रश्न कर असं सांगितलंय, आणि पुढे सहाच श्लोकांवर, चाळिसाव्यात, संशयात्म्याचा नाश होतो म्हणून बजावलंय. प्रश्न करणाऱ्याला ज्ञान, संशय घेणाऱ्याला नाश. दोघांच्या मध्ये श्लोक फक्त पाच.

तुझ्या शेवटच्या ओळीकडे येते, मराठी माध्यमाच्या. ती वाचून मला राग आला, तुझा नाही. हा डाऊट मराठी माध्यमाची खूण मुळीच नाही. कॉन्व्हेंटात शिकलेली, घरी इंग्रजी बोलणारी मुलंही क्लासच्या बाहेर ‘डाऊट सेशन’ची वेळ विचारत उभी असतात. आणि ज्याने तुला सगळ्यांसमोर ऐकवलं तो तुझा टीम लीड मीटिंग संपताना काय म्हणतो, कान देऊन ऐक. ‘एनी डाऊट्स?’ म्हणत नसेल तर मला कळव. एखाद्याची चूक चारचौघांत काढायची आणि बरोबर काय ते सांगायचंच नाही, याला शिकवणं म्हणत नाहीत. शिकवलं ते तुझ्या शेजारच्या मुलीने, अर्धंच, पण हळू आवाजात. तिला चहा पाज.

शिवाय जगात आपण एकटे नाही. स्पॅनिश लोक प्रश्न विचारायचा असला की ‘माझ्याकडे एक दुदा आहे’ म्हणतात, पोर्तुगीज ‘एक दूव्हिदा आहे’ म्हणतात. दोन्ही शब्द त्याच लॅटिन गोतावळ्यातले, आणि तेही इंग्रजी शिकताना तुझ्यासारखेच डाऊटवर पाय घसरून पडतात. पोर्तुगीजांनी १६६१च्या तहात राजकन्येच्या लग्नात मुंबई इंग्रजांच्या राजाला आंदण दिली. दिली नसती तर आज तुझी शीट बहुधा लिस्बनहून आली असती आणि तुझ्या दूव्हिद्याला कुणी नाक मुरडलं नसतं. पण दिली, त्याला आता इलाज नाही.

भारतातल्या भारतात डाऊट सोडायची गरज मला वाटत नाही. विक्रोळीहून पुण्याला, चेन्नईला, गुरगावला मेल जात असेल तर खुशाल लिही, वाचणाऱ्याला ‘विचारली’ आपोआप ऐकू येतं. लंडनला ऐकू येत नाही, म्हणून तिथे क्वेश्चन. ही शुद्ध-अशुद्धाची भानगड नाही, पत्ता बघून पाकीट बदलायचं आहे.

क्वेश्चनलाही एक काटा आहे, तो पायात जाऊ देऊ नकोस. नाम म्हणून तो गरीब गाय आहे, क्रियापद झाला की शिंगं उगवतात. ‘आय हॅव अ क्वेश्चन अबाउट युवर फिगर्स’ यात काही नाही. ‘आय क्वेश्चन युवर फिगर्स’ म्हणजे तुझ्या डाऊटपेक्षा वाईट. तुमच्या अकाउंट्सवाल्यांचा लाडका ‘क्वेरी’ही तसाच. ‘अ क्वेरी’ म्हणजे चौकशी, पण ‘टू क्वेरी अ बिल’ म्हणजे बिलाला हरकत. आणि ‘नो डाऊट यू हॅव चेक्ड’ असं चुकूनही लिहू नकोस. आपल्याला ते ‘तुम्ही तपासलंच असणार यात शंका नाही’ असं साधं वाटतं, तिकडे तो टोमणा म्हणून वाचला जातो. खात्री सांगायची तर ‘विदाउट डाऊट’.

मग मेल कसा लिहायचा? त्या परळच्या मुलाने दाखवलंय. तो ‘शंका आहे’ म्हणाला नव्हता, ‘शंका *होती*’ म्हणाला होता. शंका तर त्याच क्षणी तोंडात होती, मग होती कशाला? कारण भूतकाळात टाकली की ती अंगावर येत नाही, मागे सरकून उभी राहते. आपण सगळेच हे करतो. ‘थोडं काम होतं’, ‘विचारायचं होतं’, दारात उभं राहून ‘जरा साखर हवी होती’. मजा म्हणजे इंग्रजीतही हे असंच्या असं चालतं. ‘आय वॉन्टेड टू आस्क’, ‘आय वॉज वंडरिंग’. सगळं भूतकाळात, सगळं आत्ताबद्दल. शंकेतला नम्रपणा ‘डाऊट’मधून पोचला नाही, तो या ‘होतं’मधून पोचतो. मी असं लिहिलं असतं :

‘थँक यू फॉर द शीट. आय वॉन्टेड टू आस्क विच डेट्स एक्स्चेंज रेट यू यूज्ड. ऑल्सो, इनव्हॉइस ४२ अपिअर्स ट्वाइस अ‍ॅट माय एंड. कुड यू चेक व्हेदर इट वॉज पेड ट्वाइस, ऑर अ‍ॅम आय मिसिंग समथिंग?’

शेवटचा तुकडा बघ. ‘की माझंच काही नजरेतून सुटतंय?’ हीच ती आपली शंका, कमीपणा आपल्याकडे घेणारी. आणि यात खोटं काही नाही, कारण तुझंही काही सुटलेलं असू शकतं. डाऊटही नाही, सस्पेक्टही नाही, ‘अपिअर्स’ने काम भागलं. दिसतंय ते सांगितलं, ठरवलं काहीच नाही. तुझं ‘प्लीज क्लॅरिफाय’ मी मुद्दाम गाळलंय. त्याला कारणे दाखवा नोटिशीचा वास येतो. प्लीज लावल्याने तो जात नाही.

झालेल्या गोष्टीचं काय? मेल लिहू नकोस, फोन कर. लंडन आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तास मागे. तेव्हा आपले अडीच वाजू देत, तोवर त्या खुर्चीत बसलेल्या असतील. एवढंच सांग, ‘इन इंडिया वी से डाऊट व्हेन वी मीन अ क्वेश्चन. आय वॉज ओन्ली आस्किंग.’ एकदा सॉरी म्हण, पाचदा नको. त्या हसतील असा माझा अंदाज आहे. त्यांनाही एक मेल तुझ्याऐवजी टीम लीडला पाठवल्याचं थोडं वाटत असेल. फोन झाल्यावर त्याच दिवशी वरचा मेल पाठव, टीम लीडला कॉपीत ठेवून.

आणि बेचाळीस नंबरचं बिल शेवटी दोनदा गेलं होतं की नाही, ते कळव. एवढं लांब पत्र लिहिलंस आणि तेवढंच लिहायचं राहिलंय.